गोष्ट यंत्राला सांगू द्या, फासे स्वतः टाका

नऊ वर्षं दर रविवारी दुपारी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी मी एकेक पात्र होऊन खेळायचा गोष्टीचा खेळ चालवते. भाचा, पुतणी, शेजारचा एक मुलगा आणि वहिनी, एवढी माणसं जमतात. जाजम अंथरायचं, पोह्यांच्या बश्या बाजूला सरकवायच्या, मध्ये फासे आणि पेन्सिली ठेवायच्या, आणि मी उभ्या केलेल्या फायलीच्या आड बसायचं. फायलीच्या आड नकाशा असतो. चोर कुठे लपलाय, विहिरीत काय पडलंय, दिवाणजी खोटं का बोलताहेत, हे सगळं मला आधीपासून ठाऊक असतं. त्यामुळे इतक्या वर्षांत मी स्वतः एकदाही खेळले नव्हते. बंद दार उघडताना छाती धडधडते म्हणजे काय, ते मी फक्त मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

मला खेळायचं होतं. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी फाईल मिटली, जाजमावर मुलांच्या शेजारी बसले आणि खेळ चालवायचं काम एआयला दिलं. पहिला रविवार पूर्ण फसला. पाचव्या रविवारपर्यंत मात्र आमचा डाव असा बसला की माझ्यासारखी घरोघरची जी माणसं कायम फायलीच्या आड अडकली आहेत, त्यांना ही रीत सांगावीशी वाटते.

खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, आणि पटावर नुसत्या सोंगट्या हलवण्याऐवजी बोलून खेळायचा हा प्रकार तिथून पसरला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो आणि ते पात्र काय करतं ते सांगतो. एक जण उरलेलं सगळं जग सांभाळतो: पाऊस, पहारेकरी, शत्रू, बाजारभाव. जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. जग सांभाळणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्या घरी सूत्रधार म्हणतात.

यंत्राला सूत्रधार करण्याचा गाजलेला प्रयोग २०१९ चा, निक वॉल्टन यांचा ‘एआय डंजन’. तो जीपीटी-२ या भाषेच्या मॉडेलवर, म्हणजे दिलेला मजकूर पुढे लिहीत जाणाऱ्या प्रोग्रामवर, उभा होता. त्यात काहीही लिहिलं तरी गोष्ट पुढे जायची, पण मागचं लवकरच विसरायची. आजची मॉडेल्स कितीतरी जास्त मजकूर ध्यानात धरतात. दोषांची मुळं मात्र तिथेच आहेत, हे मला पहिल्याच रविवारी कळलं.

आमचा डाव १७९२ सालच्या महेश्वरचा. हे वर्ष मी मुद्दाम निवडलं. त्या वर्षी महादजी शिंदे पुण्यात दाखल झाले होते, शिंदे-होळकरांमधलं वैर वाढत होतं, आणि पुढच्याच वर्षी लाखेरीला दोघांच्या फौजा एकमेकांना भिडल्या. अशा दिवसांत विणकरांकडून निघालेलं साड्यांचं एक गाठोडं नर्मदा ओलांडायच्या आत गायब होतं, आणि त्यात साड्यांखेरीज एक पत्रही असतं. मी वैद्यीण झाले, भाचा हरकारा, पुतणी विणकरीण, शेजारचा मुलगा नावाडी.

पहिल्या पंधरा मिनिटांत यंत्राने आम्हाला महूच्या छावणीत नेलं, जी १८१८ मध्ये वसली. तिथे आम्हाला चहा पाजला. अहिल्याबाई इंदूरच्या राजवाड्यात दरबार भरवून बसल्या आहेत असं सांगितलं, आणि त्यांची राजधानी महेश्वरला होती हे तर आमच्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असतं. मग भाचा म्हणाला, ‘माझ्याकडे सरकारची मोहर आहे, ती मी दाखवतो.’ मोहर त्याच्याकडे नव्हती. यंत्राने लिहिलं की मोहर पाहताच पहारेकऱ्याने मान झुकवली. पुतणी म्हणाली, तिला पोपटांची भाषा येते. तीही आली. फासे टाकायची वेळ आली की यंत्र स्वतःच ‘अठरा पडले’ म्हणायचं. दोन तासांत एकदाही कोणी हरलं नाही, कोणाला खरचटलंही नाही. पाच वाजायच्या आत मुलं उठून खाली क्रिकेट खेळायला गेली. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं आणि मला फार वाईट वाटलं.

हे का होतं ते कळलं की पुढचे उपाय आपोआप सुचतात. भाषेचं मॉडेल आधीच्या मजकुरावरून पुढे काय शोभेल ते ठरवत जातं. समोरच्याला मदत करावी, त्याला पटेल असं बोलावं, अशी त्याची घडण झालेली असते. म्हणजे गोष्ट सांगायला ते उत्तम. पण सूत्रधार नुसती गोष्ट सांगत नाही. तो ‘नाही’ म्हणतो, तो लक्षात ठेवतो आणि तो लपवतो. ही तीन कामं यंत्राकडून काढून घ्यायची. ‘नाही’ म्हणायचं काम फाशांना द्यायचं, लक्षात ठेवायचं वहीला आणि लपवायचं पाकिटाला.

आधी फासे. यंत्राला फासा टाकायला सांगितलं तर ते फासा टाकत नाही, गोष्टीत इथे कोणता आकडा शोभेल तो लिहितं. एक ते दहामधला कोणताही आकडा सांग म्हणा, बहुतेक वेळा सात येईल, करून पाहा. काही सेवा आतल्या आत छोटा प्रोग्राम चालवून आकडा काढतात आणि तो आकडा प्रामाणिक असतो. पण प्रोग्राम खरंच चालला की नुसतं तसं लिहिलं गेलं, हे खेळाच्या भरात कोण तपासत बसणार? शिवाय जाजमावर फासे खुळखुळत पडतात तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम पुढे येतात. ते सुख यंत्राला देऊन टाकायचं कारण नाही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये लागतो तो वीस बाजूंचा फासा नसला तरी अडत नाही. ल्यूडोच्या डब्यातले दोन फासे पुरतात. दोघांची बेरीज दहा किंवा जास्त आली तर काम फत्ते. सात ते नऊ आली तर काम होतं, पण त्याची काहीतरी किंमत द्यावी लागते. सहा किंवा कमी आली तर बाजी उलटते. पात्राला ज्यात गती आहे तिथे बेरजेत एक मिळवायचा, ज्यात ते निष्णात आहे तिथे दोन. दोन फाशांच्या छत्तीस शक्यता असतात. काहीच न मिळवता त्यातल्या सहा फत्तेच्या, पंधरा किंमत देऊन, पंधरा फसण्याच्या. दोन मिळवले की चित्र पालटतं: फत्ते पंधरा, किंमत देऊन पंधरा, फसणं फक्त सहा. म्हणजे वैद्यिणीने जखम बांधली तर ती बहुतेक नीट बांधली जाते, आणि त्याच वैद्यिणीने भिंत चढायला घेतली तर मुलं श्वास रोखून बसतात.

मधली पायरी, सात ते नऊची, ही यंत्राची खरी जागा आहे. ‘काम होतं, पण’ यातला ‘पण’ सुचवण्यात ते माझ्याहून चलाख आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. मी पहारेकऱ्याला झोपेचा काढा पाजला, फासे आठ. यंत्राने लिहिलं: पहारेकरी झोपला, पण झोपता झोपता त्याने तुझ्या बटव्याची नाडी मुठीत घट्ट धरली आहे. बटवा सोडून जावं, तर त्यावर माझ्या घराण्याची खूण. सोडवायला जावं, तर तो जागा होणार. हे मला स्वतःला सुचायला अर्धा तास लागला असता.

आईने तिच्या कवड्याही काढून दिल्या होत्या. त्यांचा आवाज सुंदर, पण कवडीची पाठ फुगीर आणि तोंडाची बाजू चपटी असल्यामुळे दोन्ही बाजू सारख्या प्रमाणात पडतील याचा भरवसा नाही, मग वरचं गणित बसत नाही. कवड्या आम्ही शकुनासाठी ठेवल्या. आणि तुम्हाला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चेच नियम हवे असतील, तर त्यांचा गाभा २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. त्यातली लागणारी पानं यंत्राला वाचायला द्या. त्याला नियम पाठ आहेत असं धरून चाललात, तर ते दोन-तीन आवृत्त्या एकत्र कालवतं.

फाशांपेक्षाही महत्त्वाचा आहे तो क्रम. आधी खेळाडूने सांगायचं की तो काय करतोय आणि त्यातून त्याला काय हवंय. मग यंत्राने एका वाक्यात सांगायचं की काय पणाला लागलंय. मग फासे, आणि त्यानंतर परिणाम. काय पणाला लागलंय ते आधी जाहीर झालं नाही, तर फासे वाईट पडल्यावर यंत्र हमखास मऊ पडतं: तू घसरतोस पण लगेच सावरतोस, थैली ओली होते पण पत्र वाचता येतं. ते जाहीर झालं असेल तर त्याला माघार घेता येत नाही. दुसऱ्या रविवारी भाच्याचा हरकारा घाटाच्या ओल्या पायऱ्यांवरून जकातीच्या कारकुनामागे धावला. यंत्र म्हणालं, ‘पणाला: खांद्यावरची पत्रांची थैली. पाय घसरला तर थैली नर्मदेत.’ फासे पडले तीन आणि दोन, त्यात धावण्याचा एक मिळवून सहा. थैली गेली. भाचा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, ‘आता?’ त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि पहिल्या रविवारचा सगळा सल गेला.

लांबून येणाऱ्या संकटासाठी आम्ही भाकरी काढतो. वहीत एक गोल, त्याचे चार चतकोर, आणि वर नाव: ‘नदीला पूर येतो’ किंवा ‘चोर असीरगडाच्या वाटेला लागतो’. सहा किंवा कमी बेरीज आली आणि यंत्राला लगेच काही सुचलं नाही, की एक चतकोर काळा करायचा. चारही भरले की ती गोष्ट घडते, काहीही झालं तरी. खेळताना दर वेळी ‘पूर, दोन चतकोर भरले’ असं यंत्राला लिहून कळवायचं. त्याच्या वर्णनात मग आपोआप पाणी चढायला लागतं, नावाडी आकाशाकडे बघायला लागतात.

आता वही. मॉडेलला एका वेळी ठरावीक मजकूरच डोळ्यांपुढे धरता येतो, आणि देवनागरी मजकुराचे त्याच्या हिशोबात बहुतेक वेळा इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात. त्यामुळे मराठी डाव लवकर लांबतो आणि सुरुवातीची नावं, जखमा, उधाऱ्या निसटायला लागतात. दुसरा धोका उलटा आहे. त्याने एकदा केलेली चूक संभाषणात तशीच राहते आणि पुढे ते तिलाच धरून चालतं. म्हणून दर रविवारी नवं संभाषण सुरू करायचं आणि त्यात दोन कागद द्यायचे. एकाला आम्ही बखर म्हणतो, दुसऱ्याला दफ्तर.

बखर म्हणजे मागच्या वेळी काय घडलं, पंधरा ओळींत. ती यंत्राकडून लिहून घ्या, पण तशीच वापरू नका. बखरीत जशी अतिशयोक्ती शिरते तशी इथेही शिरते. चौघे ‘शूरपणे’ लढलेले असतात आणि हरलेली चकमक बरोबरीत सुटते. मी रात्री जेवणं झाल्यावर लाल पेनाने ती सुधारते. दफ्तर मात्र हाताने लिहिलेलंच हवं: कोणाकडे कोणती वस्तू, किती पैसे, कोणती जखम, कोण कोणाला ओळखतो, कोण कोणाचा देणेकरी. दफ्तरात नाही ते जगात नाही. मोहरेचा प्रश्न या एका नियमाने मिटला. भाच्याने पुढच्या वेळी खिशातून दोरखंड काढला तेव्हा यंत्राने सरळ लिहिलं की दफ्तरात दोरखंड नाही, घाटावर मिळतो का बघ.

दफ्तराच्या पाठीवर काळाच्या दहा ओळी असतात. ऐतिहासिक डाव खेळणार असाल तर यावर एक संध्याकाळ खर्च करा. आमच्या ओळी अशा: राजधानी महेश्वर. महूची छावणी अजून नाही. चहा नाही, आगगाडी नाही, तार नाही. अंतर कोसांत. बातमी हरकाऱ्याच्या पायांइतकीच वेगाने जाते. इंदूरहून महेश्वरला उतरायचं तर विंध्याचा घाट उतरावा लागतो. या ओळींत मी सगळ्यात वर लिहिलंय की अहिल्याबाई आणि इतिहासातली इतर खरी माणसं रंगमंचावर येणार नाहीत, त्यांचा फक्त उल्लेख होईल. यंत्र त्यांच्या तोंडी बेधडक वाक्यं घालतं, ती वाक्यं मुलांच्या डोक्यात बसतात आणि उद्या शाळेच्या निबंधात खरी म्हणून उतरतात. ज्या बाईंच्या नावाने आमच्या गावात माणसं अजून हात जोडतात, त्यांच्या तोंडी मनचं काही घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

तिसरं पाकीट. रहस्याचा डाव असेल तर याच्याशिवाय सुरुवातच करू नका. ‘चोर कोण ते मनात ठरव आणि आम्हाला सांगू नकोस’ असं म्हटलं की यंत्र ‘ठरवलं’ म्हणतं, आणि बहुधा कुठेच काही ठरलेलं नसतं. जे लिहून झालंय त्याच्याच आधाराने ते पुढचं रचतं. आम्ही सगळे पहिल्या रविवारी रंगाऱ्याच्या मागे लागलो, तर यंत्राने आनंदाने रंगाऱ्यालाच चोर करून टाकलं. ज्या कोड्याचं उत्तर आपल्या संशयाबरोबर बदलतं ते कोडंच नव्हे.

म्हणून वहिनीने वेगळ्या संभाषणात यंत्राकडून रहस्य लिहून घेतलं: चोर कोण, का, कसं, पत्र आता कुठे आहे, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीकडे नेणाऱ्या तीन-तीन खुणा, वेगवेगळ्या जागी. तीन खुणा ठेवायच्या कारण खेळाडू एक बघत नाहीत, दुसरीचा भलताच अर्थ लावतात आणि तिसरीवर जागे होतात. तो मजकूर तिने दर वेळी सूचनांच्या खाली चिकटवला, आणि एक प्रत कागदावर उतरवून, पाकिटात घालून, डिंकाने बंद करून आईकडे दिली. आईने ते देवघरात ठेवलं. शेवटी ते उघडायचं आणि यंत्र आपल्या शब्दाला जागलं की नाही ते ताडून बघायचं. घरात न खेळणारं कोणी नसेल, किंवा तुम्ही एकटेच खेळत असाल, तर रहस्य तुम्हाला न वाचता येणाऱ्या लिपीत लिहून घ्या, समजा तमिळमध्ये, आणि न वाचता चिकटवा. यंत्राला ते वाचता येतं.

सूचनांचा आमचा मजकूर खाली देते. तो तसाच घ्या आणि काळ-ठिकाण बदला.

‘तू आमच्या खेळाचा सूत्रधार आहेस. काळ १७९२, ठिकाण महेश्वर आणि आसपास. आमची पात्रं सोडून बाकी सगळी माणसं, हवापाणी आणि परिणाम तुझ्याकडे. आमची पात्रं काय करतात, काय बोलतात, त्यांना काय वाटतं, हे तू कधीच लिहायचं नाहीस. फासे आम्ही टाकू. आम्ही आकडा सांगेपर्यंत निकाल लिहू नकोस. शंका असलेल्या प्रत्येक कृतीआधी एका वाक्यात सांग की काय पणाला लागलंय, आणि नंतर ते बदलू नकोस. दफ्तरात नसलेली वस्तू, ओळख किंवा विद्या कोणी वापरली तर ती नाही असं स्पष्ट सांग. आमचं मन राखू नकोस. उत्तर ऐंशी शब्दांच्या आत. पर्यायांची यादी देऊ नकोस. प्रत्येक प्रसंगात एखादा वास, आवाज किंवा स्पर्श असू दे. रहस्य खाली दिलं आहे. ते उघड करू नकोस, बदलू नकोस, पण त्याच्या खुणा पेरत राहा. आम्ही ‘सूत्रधार, थांबा’ म्हटलं की माफी न मागता चूक दुरुस्त कर आणि पुढे चल.’

यातल्या दोन अटींबद्दल थोडं सांगायला हवं. पर्यायांची यादी म्हणजे ‘एक, दार उघडा, दोन, खिडकीतून बघा, तीन, परत जा’ असली. ती समोर आली की मुलं परीक्षेतल्यासारखी त्यातलं एक निवडतात आणि विचार करणं थांबवतात. यादी बंद केली त्या दिवशी पुतणीने चोराच्या घरी शिरायला सरळ त्याच्या बायकोला साडी विकायला नेली. कुठल्याच यादीत ते आलं नसतं. आणि ऐंशी शब्द यासाठी की लांब वर्णन मोठ्याने वाचताना जाजमावरची मंडळी पेंगायला लागतात.

भाषेकडे लक्ष द्या. नुसतं ‘मराठीत बोल’ म्हटलं की नावाडी ‘मी आपणास मदत करू इच्छितो’ असं बोलतो. एकाच प्रसंगात कारकून वैद्यिणीला आधी ‘तू’, मग ‘आपण’, मग ‘तुम्ही’ म्हणतो. आमच्या इंदूरच्या बोलण्यातही हिंदी असतंच, पण ते कुठे येतं आणि कुठे येत नाही हे कानाला ठाऊक असतं. यंत्राची हिंदी भलत्या जागी येते, क्रियापदाच्या लिंगात आणि विभक्तीच्या प्रत्ययात. उपाय म्हणजे नमुना. प्रत्येक मुख्य पात्राची दोन-तीन वाक्यं स्वतः लिहून द्या. आमच्या म्हाताऱ्या नावाड्याचा नमुना होता, ‘बाई, पाणी चढलंय. आज होडी नाही घालायची. उद्याचं उद्या.’ कारकुनाचा होता, ‘वैद्यीणबाई, तुम्ही बसा. कागद आहे का? कागदाशिवाय आमचं काही चालत नाही.’ एवढं दिल्यावर दोघांचे आवाज पाचही रविवार वेगळे राहिले. कोणी कोणाला ‘अहो’ म्हणायचं आणि कोणी ‘अरे’, तेही दफ्तरात लिहून ठेवा.

आता बैठक. फोन एकाच्याच हातात हवा. आमच्याकडे वहिनी मुनीम आहे. ती खेळत नाही, सगळ्यांचं ऐकून टाइप करते आणि यंत्राचं उत्तर वाचून दाखवते. फोनचा पडदा बाकीच्यांना दिसता कामा नये. एक तर रहस्य त्यातच आहे, आणि पडदा दिसला की सगळे त्याच्याकडे बघतात, एकमेकांकडे बघत नाहीत. तिघा-चौघांच्या कृती एकाच निरोपात पाठवा. फुकटच्या सेवांना निरोपांची मर्यादा असते आणि वाट बघण्याचा वेळही वाचतो. मुलांची खरी नावं, शाळा, पत्ता यातलं काहीही लिहू नका, पात्रांची नावं पुरतात. या सेवांना वयाची अट असते, तेव्हा खातं मोठ्या माणसाचं आणि फोनही मोठ्याच माणसाच्या हातात.

यंत्राला चेहरे दिसत नाहीत, हे मात्र मी सगळ्यात जपून सांगते. तिसऱ्या रविवारी त्याने एका म्हाताऱ्या विणकराचं आजारपण रंगवायला घेतलं. वर्णन चांगलं होतं. पण पुतणीचे आजोबा, माझे वडील, फाल्गुनात गेले. ती पेन्सिलीचं टोक वहीवर दाबत बसली होती आणि तिच्या तोंडून शब्द येत नव्हता. मी सूत्रधार असते तर मला ते तिसऱ्या वाक्याला दिसलं असतं आणि मी विणकराला उठवून बसवलं असतं. यंत्र पुढे पुढे लिहीत राहिलं. आमच्या जाजमाच्या मध्यावर एक कोरं कार्ड ठेवलेलं असतं. कोणीही त्यावर हात ठेवला की प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. तिने हात ठेवला नाही, मी ठेवला. वहिनीने ‘सूत्रधार, थांबा, आपण दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर आहोत’ एवढंच लिहिलं. संध्याकाळी पुतणी माझ्याशेजारी येऊन बसली आणि आजोबांबद्दल बरंच बोलली. तेव्हा यंत्र सूत्रधार असलं तरी घरातल्या एका मोठ्या माणसाने चेहरे वाचायचं काम सोडू नये. डाव सुरू होण्याआधी सगळ्यांना विचारून नको असलेल्या गोष्टी सूचनांत लिहून टाका. आमच्या यादीत एक ओळ माझी आहे: चोर, लुटारू आणि फितूर नेहमी एकाच धर्माचे किंवा जातीचे नकोत. जुन्या काळाचा डाव म्हटला की यंत्र त्या वाटेने फार सहज जातं.

पाचव्या रविवारी पुराचा चौथा चतकोर भरला. नर्मदेचं पाणी पायऱ्या चढत होतं आणि आम्ही चौघे जकात नाक्याच्या मागच्या दाराशी उभे होतो. आत कोण आहे ते मला माहीत नव्हतं. मी दार ढकलते असं म्हणाले आणि माझाच आवाज मला बारीक ऐकू आला.

आत कारकून होता. पत्र त्याच्या तक्क्याच्या अभ्र्यात शिवलेलं होतं. आईने देवघरातून पाकीट आणलं, कडेने फाडलं आणि चष्मा लावून मोठ्याने वाचलं. चोर तोच, पत्राची जागा तीच. गाठोडं फाडताना विणकराच्या कात्रीने त्याचा हात कापला होता, आणि पहिली खूण होती अंगरख्याच्या बाहीवरचा हळदीचा डाग. पुतणीने वही उलटली. दुसऱ्या रविवारच्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘कारकुनाच्या बाहीला हळद’. जखमेवरची हळद. वैद्यीण मी होते आणि तो डाग यंत्राने माझ्याच डोळ्यांसमोर ठेवला होता.

‘आत्या, तुला दिसलं नाही?’ पुतणी म्हणाली. नाही दिसलं. मी ते पान पुन्हा एकदा वाचायला मागून घेतलं.